चौथा खण

“हीबी बसव त्यात,” विरुपाक्ष आप्पा म्हणाले, आणि रुमालात गुंडाळलेली डिस्क त्यांनी टेबलावर ठेवली.

उमरग्यातल्या त्यांच्या फोटो स्टुडिओत लग्नाची शूटिंगं साठवायला चार खणांचा नवा डबा आला होता. इंजिनिअर अमरदीपनं आठ-आठ टीबीच्या तीन कोऱ्या डिस्का त्यात बसवल्या होत्या. ही चौथी दोन टीबीची, जुनी, रणधीरची. रणधीर आप्पांचा मुलगा, महेश्वरीचा नवरा. दिवाळीत हायवेवरच्या अपघातात गेला. त्याच्या हातचं सगळं काम याच डिस्कवर होतं.

महेश्वरी कॉम्प्युटरपुढं मख्ख बसून होती. हल्ली ती अशीच. रडून कोरडी पडली म्हणावं, तर रडलीच कुठं होती? तिला काही म्हणता काही वाटत नव्हतं.

“काका, ही नका घालू,” अमरदीप म्हणाला. “आठच्या तीन हायेत. एकीएवढी जागा राखीव जाती, एखादी बंद पडली तर भरून काढायला. सोळा टीबी उरतंय वापराय. पण ही घातली की डबा समद्यांना हिच्याच मापानं मोजतो. आठचीबी दोनचीच धरतो. चारातली एक राखीव, राहिलं तीन दुणे सहा.”

“सहा तर सहा.”

“अहो काका, लगीनसराई तोंडावर आलीय!”

“येऊ दे. त्यो आतच पायजे.”

महेश्वरीनं मान वर केली. सगळ्यांना एकाच्या मापानं मोजायचं. घरात तरी दुसरं काय चाललं होतं? सासूबाई अर्ध्या भाकरीवर उठायच्या, म्हणून सगळेच अर्ध्यावर उठायचे. कुणी चुकून हसलं, तर बाकीचे टकामका बघायचे. नणंद शिवांजलीचं ठरलेलं लग्न पुढं ढकललं, ते पुढंच राहिलं. कुणी विषयसुद्धा काढत नव्हतं.

“आत घातल्यावर हिच्यातलं राहतंय का?” तिनं विचारलं.

“न्हाय वहिनी. आत घेताना आधी समदं पुसलं जातंय.”

आप्पांचा हात डिस्कवर होता, तो तिथंच राहिला. महेश्वरीनं तो हळूच बाजूला केला आणि डिस्क पुन्हा रुमालात गुंडाळली.

“मामा, बाहेरच राहू द्या. बाहेर राहिले तरच राहतील ते.” आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच ती रडली.

अमरदीपनं चौथा खण रिकामाच बंद केला. थोड्या वेळानं पडद्यावर आकडा आला. सोळा टीबी, सगळी मोकळी.

आप्पा त्या आकड्याकडं बघत राहिले.

“एवढी जागा व्हती व्हय,” ते म्हणाले. मग उपरण्यानं तोंड पुसून महेश्वरीकडं वळले. “माय, शिवांजलीच्या सोयऱ्यास्नी फोन लाव.”