योद्ध्याच्या अंगावरचा रंग

आमच्या घरात माझ्या साड्यांना जागा नाही, पण माझ्या नवऱ्याच्या, सर्वेशच्या, प्लास्टिकच्या योद्ध्यांना काचेचं कपाट आहे.

पावसाळ्यानंतर त्याने एक जुना योद्धा मागवला. लाल कापडी झग्याचा रंग उतरून त्याच्या छातीवर डाग पडले होते. सर्वेशने झगा फेकला, डागांवर मुरमांचं मलम फासलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि डिचोलीच्या कडक उन्हात त्याला बाल्कनीत ठेवलं. डाग गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या योद्ध्याच्या छातीवर आणि हातांवर मनगटापर्यंत निळा रंग चढला होता.

“तू काय केलंस ह्याका?” सर्वेश माझ्यावर ओरडला.

“तुझ्या बावल्यांका कोण हात लावता?”

त्याच आठवड्यात त्याला मोप्याच्या विमानतळावरच्या नोकरीत नवा युनिफॉर्म मिळाला. निळा, पूर्ण बाह्यांचा.

त्याने निळा घालवला. मग हिरवा आला, कोपरापर्यंतच. भाऊबीजेला बहिणीने दिलेला कुडता त्याने अंगात घातला, तेव्हा त्याच्या हिरव्या बाह्या कोपरावर संपल्या.

“ह्यो बावलो फेकून दी,” मी म्हटलं.

“तुका माझा कायच बघवना नाय,” म्हणत त्याने पुन्हा मलम चोळलं.

आज तो हसतच आत आला. योद्ध्यावर डोक्यापासून पायापर्यंत एक ठिपका नव्हता.

“बघ! आता काय येवचा नाय.”

मी त्याचं कपड्यांचं कपाट उघडलं आणि एकेक शर्ट बाहेर काढला. पांढऱ्या कापडाचा डाग पडत नाही.

सर्वेशकडे पांढरा कपडा एकही नाही. डोक्यापासून पायापर्यंतचा तर माणसाला दुसरेच गुंडाळतात.