रद्द केलेला मंत्र

दर शनिवारी आम्ही मित्राच्या घरी टेबलाभोवती बसून फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ खेळायचो. मधोमध एक लाल कार्ड असायचं. गोष्ट कुणाला सोसेनाशी झाली, की त्याने कार्डावर हात ठेवायचा. खेळ तिथेच थांबायचा. कारण कुणी विचारायचं नाही.

गोष्ट मित्र सांगायचा, खलनायकही तोच व्हायचा. त्या दिवशी त्याच्या मांत्रिकाने निषिद्ध मंत्र बाहेर काढला. "या मंत्राने बाईची वाचा जाते," तो रंगात येऊन म्हणाला. "आतून कितीही तळमळू दे, लोकांना ती हसतानाच दिसते."

फासे पडायच्या आत वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, कार्डावर हात ठेवला.

तो लगेच थांबला. "सॉरी गं. मंत्र रद्द."

किती समजूतदार नवरा, असं आम्ही जिना उतरताना बोललोसुद्धा.

पुढच्या शनिवारी टेबलावर लाल कार्ड नव्हतं आणि वहिनींचा तोच हात प्लास्टरमध्ये होता.

"काय झालं हो वहिनी?" मी विचारलं.

"धांदरट आहे नुसती," उत्तर त्याने दिलं.

वहिनी हसल्या.

मग मी फासे वाटले.