दुसरी सही

आमच्या क्रांतिकारी संघटनेत एकट्याच्या हाती सत्ता नको, म्हणून प्रत्येक चेकवर दोन सह्या लागत: माझी आणि कुमुदताईंची. मला, नव्या खजिनदाराला, सगळं शिकवलं त्यांनीच. त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा उपचारांसाठी चाळीस हजार देण्याचा ठराव एकमतानं झाला. आमच्यात एकमत प्रथमच.

मी चेक दवाखान्यात नेला. ताईंनी डाव्या हातानं, दम खात सही केली.

"जुळतेय का रे?"

"तंतोतंत, ताई."

"खजिनदारानं खोटं बोलू नये." त्यांनी चेकवर ‘रद्द’ लिहिलं. "माझ्या जागी दुसऱ्याची सही घ्यायला सभा बोलाव. नोटीस पंधरा दिवसांची, नियमानं."

मी नोटीस काढली. ताई नवव्या दिवशी गेल्या.

पंधराव्या दिवशी सभा भरली. गणपूर्तीला एक माणूस कमी पडलं.