दस्त्याचं माप

“दस्ता मोठ्या माणसाच्या मापाचा झाला, की रायफल दादाला नेऊन दे,” जाताना वडील म्हणाले. तापातलं बोलणं वाटलं, तरी मी शब्द दिला.

एकेकच गोळी घेणाऱ्या त्या जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता त्यांनी दहा वर्षांच्या दादासाठी सुताराकडून कापून आखूड करून घेतला होता. त्याच आठवड्यात दादा तळ्यावर गेला, तो परतलाच नाही.

आज किंमत ठरवायला आलेल्या पारख्याने पट्टी लावली. “ताई, सुताराच्या पावतीवर दस्ता अकरा इंच आहे. हा चौदा भरतोय.”

“जोड असेल.”

“अखंड आहे हो! कापलेलं लाकूड काय वयात येतं?” हसत त्याने दस्त्याला गाल लावला आणि दचकला. “ओला आहे.”

मी दादासाठी म्हणायची राहिलेली प्रार्थना पुरी केली, रायफल शालीत गुंडाळली आणि तळ्याची वाट धरली.