भरपाई

“तुमच्या आईंची सीट एकेचाळीस-ई,” काउंटरवरची बाई म्हणाली. “तुमची शेजारचीच. एकेचाळीस-एफ.”

मुलीला वाटलं, आपलीच ऐकण्यात चूक झाली. “मागची फक्त माझी आहे. आईची पुढे, बिझनेस क्लासमध्ये. पॉइंट्सवर बुक केलीये, सहा महिन्यांपूर्वी.”

“दिसतंय मॅडम. पण विमान बदललं, पुढच्या सीट कमी झाल्या.”

“आणि पॉइंट्सवाल्यांना आधी उठवलं.”

बाई बॅगांचे टॅग छापायला लागली.

आई मागे व्हीलचेअरवर बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. तिच्या पाठीत चार स्क्रू होते. तेरा तासांचा प्रवास म्हटल्यावर डॉक्टरांनी आधी नकारार्थी मान हलवली होती. आडवं होता येत असेल तरच जा, म्हणाले होते. तिकडे तिची एकुलती एक बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघींची बारा वर्षांत भेट नव्हती, आणि आता फार दिवस हातात नव्हते.

मुलगी इस्पितळांतली एक्स-रे मशिन्स दुरुस्त करायची. महिन्यातून चार-पाचदा विमानाने जायची, तेही शेवटच्या रांगेत, टॉयलेटच्या भिंतीला पाठ लावून. नऊ वर्षं तिने त्या प्रवासांवर मिळणारे पॉइंट्स साठवले. ऑफिसातले तिला चिंगूस म्हणायचे. एका माणसाच्या बिझनेस क्लासपुरते जमले त्या दिवशी तिने ते सगळेच्या सगळे उडवले आणि आईला फोन केला, “तू झोपून जाणारेस मावशीकडे. ऐसपैस.”

आता तिने दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली. “हे बघा, माझी आई तेरा तास बसू शकत नाही. सीट कुणी काढली, का काढली, ते मला लिहून द्या. आणि भरपाईचं काय?”

“भरपाई दिलीये, मॅडम.”

“कुणाला?”

“बुधवारी आमच्या ऑफिसातून प्रवाशाच्या नंबरवर फोन गेला होता. स्वखुशीने सीट सोडता का, बदल्यात व्हाउचर देतो, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. जबरदस्ती नव्हती.”

मुलगी हळूच मागे वळली. आई पर्सची चेन उघडझाक करत होती.

“आई?”

“ते कुणालाही देता येतं म्हणाले,” आई चेनकडे बघत म्हणाली. “दोन माणसांची तिकिटं निघतात त्यात, कुठूनही कुठेही. मी दादाचा ईमेल दिला.”

“दादाचा?”

“चार वर्षं झाली गं त्याला घरी येऊन. दर वेळी म्हणतो, तिकीट परवडत नाही. आता कसा नाही म्हणेल? सांगितलंय मी, परत आले की लगेच ये म्हणून.” मग घाईघाईने, “माझं काय, दोन गोळ्या जास्तीच्या घेईन.”

“मला सांगितलं नाहीस.”

“तू देऊ दिलं नसतंस.”

ते खरंच होतं. मुलीला रडू आलं नाही, नुसते कान तापले. गुरुवारी दोघींनी मिळून बॅग भरली होती. सीट कशी सपाट होते, कुठलं बटण दाबायचं, हे ती आईला हातवारे करून दाखवत होती. आणि आई विचारत होती, “पांघरूण देतात का गं?” सीट आदल्याच दिवशी देऊन टाकलेली, तरी विचारत होती.

“ते व्हाउचर रद्द करा,” ती बाईला म्हणाली. “आम्हाला नको. सीट परत द्या.”

बाईने बराच वेळ टकटक केली. “सॉरी. कालच वापरलं गेलंय.”

आईने मान उंचावली. “वापरलं? काढलं त्यानं तिकीट?” तिचा चेहरा असा उजळला की रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. “कधीचं आहे गं? बघ ना!”

आईचं मूळ बुकिंग मुलीच्या खात्यातलं होतं, म्हणून बाईने स्क्रीन तिच्याकडे वळवला.

नावं दोन होती. दादा आणि वहिनी. पुढच्या शुक्रवारी जाणं, आठ दिवसांनी परत. निळ्या पाण्याच्या आणि लाकडी झोपड्यांच्या जाहिराती येतात, तसलं एक बेट. दादा राहतो तिथून ते घराच्या नेमकं उलट दिशेला होतं.

बाईनेही ते वाचलं असावं. ती उगाच बॅगांचे टॅग नीट लावत बसली.

एक वाक्य पुरेसं होतं. ते जिभेवर आलंही होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नऊ वर्षांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला असता. मुलगी ते बोलायलाच वळली. आई खुर्चीचे हात धरून अर्धवट उभी राहिली होती. तिला असं उठायची सक्त मनाई होती.

“बस आधी,” मुलगी म्हणाली. तिने खांद्यांना धरून आईला खाली बसवलं. “काढलंय. तारीख पक्की व्हायचीये अजून.”

मग ती काउंटरकडे वळली आणि म्हणाली, “द्या पास.” बाईने काही न विचारता एकेचाळीस-डीही रिकामी ठेवली. पाय तरी वर घेता येतील.

आईने डोळे पुसले. मुलीचा हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि मायेने थोपटला.

“बघ,” ती म्हणाली. “एका शब्दावर काढलं त्यानं. आईसाठी एवढं कोण करतं गं आजकाल?”