बिनकागदाची गाडी

दातांच्या डॉक्टरांचा जीव त्या जुन्या गाडीवर जडला होता, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ! इंजिन खोक्यांत होतं, दारं भिंतीला टेकवलेली.

"कागदपत्रं?" त्यांनी नाक मुरडत विचारलं.

"नाहीत हो. माझ्याआधी ही गाडी कुणाकुणाकडे होती, देव जाणे," मालक ओशाळला.

तेवढ्यावर भाव निम्म्यावर आणून डॉक्टरांनी बायकोला फोन लावला. "अगं, घेतली! सहा महिन्यांत पळवून दाखवतो बघ."

चहाचे कप उचलायला आलेल्या मालकाच्या बायकोने हळूच स्वतःचा मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, वहिनींचा नंबर द्या. ही गाडी आजवर जिच्या जिच्या दारात पडून होती, त्या सगळ्या जणींचा ग्रुप आहे आमचा."

 

ग्रुपचं नाव होतं, 'सहा महिने'.