चारही हिरवे

"नाना, सापडला का लाल दिवा?" लेकीने बाहेरच्या खोलीतून विचारलं.

नाना डब्यासमोर मांडी घालून बसले होते. कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या डब्यात चार हार्ड डिस्क, प्रत्येकीच्या डोक्यावर मोहरीएवढा दिवा. चारही लागलेले होते आणि चारही त्यांना एकाच रंगाचे दिसत होते. वाळक्या पानासारखे.

"बघतोय."

"बघायचंय काय त्यात? एक लाल आहे, तीन हिरवे. लाल असेल ती ओढून काढा आणि नवी सरकवा. बाकीच्यांना हात लावू नका. एक गेलीय तोवर ठीक आहे. दुसरी गेली तर सगळंच गेलं."

हे नानांना सांगायला नको होतं. डबा त्यांनीच जोडला होता. आत जे काही ठेवलं ते चौघींवर असं वाटलेलं होतं, की एक बंद पडली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं काम ओढून न्यायच्या. वेगळी कॉपी काढून ठेवा म्हणून लेक कितीदा मागे लागली होती. "तिघी आहेत की सांभाळायला," म्हणत नानांनी ते हसण्यावारी नेलं होतं. बायको आजारी पडल्यावर ती पडल्यापडल्या जे बोलायची ते सगळं त्यांनी रेकॉर्ड करून यात भरून ठेवलं होतं. माहेरच्या गोष्टी, शेजारणीच्या नकला, मध्येच नानांवर खेकसणं. ती गेल्यावर तिचा आवाज उरला तो एवढाच.

"इकडून कितवी म्हणायची?" नानांनी विचारलं.

"इथे स्क्रीनवर दोन नंबर दाखवतंय. पण डावीकडून दोन की उजवीकडून, देव जाणे. तुम्ही दिवाच बघा ना."

लग्नानंतर पहिल्याच वर्षी नानांनी लाल समजून पिशवीभर कच्चे टोमॅटो आणले, तेव्हा बायकोला कळलं होतं. नानांची नोकरी वीजकंपनीतली. तिथे कळलं असतं तर घरी बसावं लागलं असतं, म्हणून तिने ते कुणालाच कळू दिलं नाही. पोरांनाही नाही. पुढे नोकरी संपली, पण झाकून ठेवायची सवय दोघांनाही लागली ती लागलीच. रोज सकाळी चहाच्या वेळी नाना विचारायचे, "किती?" ती डब्याकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, "चारही हिरवे." अंथरुणाला खिळल्यावर तिने डबा उशाशी आणून ठेवायला लावला होता. बिघाड झाला की त्यातून पीं पीं व्हायची सोय होती, पण तिची झोपमोड नको म्हणून नानांनी ती बंद केली. पुन्हा चालू करायचं राहूनच गेलं.

इकडे येऊन तूच बघ, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण लेक पुढे विचारणार, का.

बंद पडलेली गार असणार म्हणून नानांनी एकेका डिस्कला बोट लावून पाहिलं. डावीकडून दुसरी जरा गार वाटली. त्यांनी खिट्टी दाबली आणि ती ओढली.

हातात येताच ती वळवळली. आतली चकती अजून फिरत होती, मनगट पिरगाळेल इतक्या जोरात. नाना दचकले. डिस्क सुटून फरशीवर आपटली. त्यांनी उचलली तेव्हा आत काहीतरी खरवडत होतं. मग तेही थांबलं.

"नाना, काय केलंत? इथलं सगळं गायब झालं."

लेक धावत आत आली. तिने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे.

"लाल तर ही आहे, उजवीकडून दुसरी. तुम्ही चांगली चालणारी काढलीत."

तिने ती पुन्हा आत बसवली. टक, टक, टक, एवढंच वाजत राहिलं. डबा बंद करून चालू केला, वायर बदलून पाहिली. टक, टक.

"एवढा समोर लाल दिवा. लक्षच नसतं हो तुमचं हल्ली. आई असती तर..."

"हो," नाना म्हणाले. "ती असती तर चुकलं नसतं."

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आता अजिबात चालू करू नका, सगळ्या घेऊन या, बघतो. पण फार आशा धरू नका.

गाडी नाना चालवत होते. आई गाडी चालवते आणि नाना नुसतं स्टीअरिंग धरतात, अशी घरात सगळे चेष्टा करायचे. कारण ती शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला 'थांबा' आणि 'चला' करायची. आज त्या जागेवर लेक होती. चारही डिस्क टॉवेलात गुंडाळून तिने मांडीवर घेतल्या होत्या.

सिग्नलला गाडी थांबली. थोड्या वेळाने वरचा दिवा गेला, खालचा लागला. दिव्याच्या जागेवरून एवढं नानांना कळायचं. तरी ते ब्रेकवर पाय ठेवून 'चला'ची वाट बघत तसेच बसून राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले.

"नाना, हिरवा झाला," लेक म्हणाली.

"किती?" नानांनी विचारलं.